फोटो वारकऱ्याचा, पुस्तक दिवाणखान्याचं

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा. नसेल तर शेवटच्या पाच मागण्या वाचा आणि मग भांडायला या.

फोटोग्राफीच्या महागड्या पुस्तकांवरून आमच्या मित्रमंडळीत सध्या जोरात वाद चाललाय. एक बाजू म्हणते, "फोटोचं पुस्तक चार-पाच हजारांनाच असणार, कलेची किंमत विचारायची नसते, ज्याला परवडेल तो घेईल." दुसरी बाजू म्हणते, "सगळी लूट आहे, दोनशे पानांत वाचायला दहा पानं नाहीत." मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. चांगल्या छपाईला पैसे लागतात आणि ते दिलेच पाहिजेत. पण महागड्या फोटोपुस्तकात छपाईसोबत थाटाचे आणि मुद्दाम तयार केलेल्या दुर्मीळपणाचेही पैसे घेतले जातात. ते ज्याला द्यायचे त्याने खुशाल द्यावेत. मात्र तेच फोटो साध्या माणसाला परवडतील अशी दुसरी आवृत्ती निघालीच पाहिजे. आणि पुस्तकात सरकारी पैसा असेल, तर हे 'पाहिजे' बिहिजे नाही, सक्तीच हवी.

आता मुद्द्याने जाऊ.

आधी छपाई. अर्धं आयुष्य छापखान्याच्या दारात गेलंय, त्यामुळे हे मला पुस्तक न उघडताही कळतं. कादंबरी एका काळ्या शाईत छापून होते. रंगीत फोटोला चार प्लेटा लागतात. कृष्णधवल फोटो नीट हवा असेल, तर एका काळ्याने भागत नाही. दोन शाया वापराव्या लागतात, नाहीतर सावली म्हणजे नुसता डांबराचा डाग दिसतो. कागद जाड लागतो, नाहीतर मागच्या पानावरचा फोटो पुढच्या पानावर उमटतो. मशीन सुरू केल्यावर रंग जुळेपर्यंत जे कागद जातात, ते सरळ रद्दीत. फर्मे दोऱ्याने शिवावे लागतात, कारण नुसत्या गोंदावर चिकटवलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि जोर केला की पानं हातात येतात. हा सगळा खर्च खरा आहे. तो नाकारणारा माणूस छापखान्यात कधी गेलेला नाही.

पण याच छापखान्याचं दुसरं गणितही सांगतो. प्लेटा, मांडणी, रंगजुळणी हा खर्च प्रती पाचशे काढा नाहीतर दोन हजार, साधारण तेवढाच राहतो. समजा तो पाच लाख झाला. पाचशे प्रतींत वाटला तर प्रतीमागे हजार रुपये. दोन हजार प्रतींत वाटला तर अडीचशे. त्यापुढे वाढतो तो कागद, शाई आणि बांधणीचा खर्च. म्हणजे कमी प्रती काढायच्या ठरवल्या की पुस्तक आपोआप महाग होतं. "महाग आहे म्हणून खपत नाही आणि खपत नाही म्हणून महाग आहे" हे रडगाणं प्रकाशकाकडून नेहमी ऐकू येतं. ते खोटं नाही. पण या चक्राची सुरुवात प्रती किती काढायच्या या निर्णयापासून होते, आणि तो निर्णय माणूस घेतो, मशीन नाही.

आता थाट. मोठा आकार, मखमली किंवा लाकडी पेटी, सोनेरी फॉइल, वर क्रमांक टाकलेली प्रत, आत सही. यातल्या एकाही गोष्टीने फोटो सुधारत नाही. लग्नपत्रिकेवर फॉइल मारली म्हणून लग्न टिकतं का? तसंच हे.

या थाटाचा कळस १९९९ साली झाला. जर्मनीच्या ताशेन या प्रकाशनाने हेल्मुट न्यूटन या फॅशन फोटोग्राफरचं 'सुमो' नावाचं पुस्तक काढलं. वजन तीस किलोच्या वर. ठेवायला फिलिप स्टार्क या नामांकित डिझायनरने केलेला स्टँड सोबत. दहा हजार प्रती, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही. किंमत दीड हजार डॉलर. त्यातली पहिली प्रत, जिच्यावर ऐंशीहून जास्त प्रसिद्ध लोकांच्या सह्या होत्या, २००० साली बर्लिनच्या लिलावात ६ लाख २० हजार मार्कांना गेली. पुस्तक खपलं, प्रकाशक नावारूपाला आला, आणि जगभरच्या महागड्या पुस्तकांना एक रस्ता दिसला: वाचण्यासाठी नाही, ठेवण्यासाठी.

पण गोष्ट इथे संपत नाही. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच प्रकाशनाने तेच पुस्तक लहान आकारात, पुन्हा स्टँडसकट, शंभर युरोंच्या आसपास काढलं. आपल्याला शंभर युरोही जडच आहेत. पण हिशोब बघा. मूळ किमतीचा जेमतेम दहावा हिस्सा! मग वरचे नऊ हिस्से कशाचे होते? आकाराचे, वजनाचे, सहीचे आणि "माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही" याचे.

न्यूटनच्या पुस्तकाचं एक वेळ सोडा. त्यात श्रीमंतांची दुनिया आहे, ती श्रीमंतांनी विकत घ्यावी. माझा जीव अडकतो तो दुसऱ्या जातीच्या पुस्तकांत. सेबास्टियाओ सालगाडो या ब्राझीलच्या फोटोग्राफरने जगभरच्या हातमजुरांचे फोटो काढले. सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेले, शिडीवर मुंग्यांसारखे चढणारे मजूर, आपल्या धनबादचे कोळसा कामगार. १९९३ साली त्याचं मोठं पुस्तक झालं. त्या धनबादच्या कामगाराच्या नातवाला आजोबाचा फोटो बघायचा असेल तर? बाहेरून येणाऱ्या पुस्तकाला आधी युरो-डॉलरचा भाव, मग वाहतूक, मग वितरकाचा आणि दुकानदाराचा हिस्सा. त्यात २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं गेलं. नातू कुठे बसतो या हिशोबात?

याच सालगाडोचं २०१३ सालचं 'जेनेसिस' मात्र चांगलं उदाहरण आहे. त्याची शौकिनांसाठी दोन खंडांची अवाढव्य आवृत्ती निघाली, सोबत तादाओ आंदो या जपानी वास्तुरचनाकाराने केलेला लाकडी स्टँड, किंमत हजारोंत, तीही युरोत. पण त्याच वर्षी साधी आवृत्तीही निघाली, पन्नासेक युरोंची. प्रकाशन तेच, 'सुमो'वालं. म्हणजे दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी निघू शकतात. श्रीमंताने पेटी घ्यावी, बाकीच्यांनी पुस्तक घ्यावं. कुणाचंच अडत नाही. "असं केलं तर महागडी आवृत्ती कोण घेणार?" या प्रश्नाला हे रोख उत्तर.

आणि स्वस्त म्हणजे हलकं, हा गैरसमज काढून टाका. १९५५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एडवर्ड स्टायकन यांनी 'द फॅमिली ऑफ मॅन' नावाचं प्रदर्शन भरवलं. ६८ देशांतले ५०३ फोटो. त्याचं कागदी मुखपृष्ठाचं पुस्तक निघालं एका डॉलरला. लाखो प्रती खपल्या. त्या प्रदर्शनावर टीकाही खूप झाली, जगातले खरे भेद गुळमुळीत केले म्हणून. टीका योग्यच असेल. पण टीका करायलाही आधी लोकांच्या हातात पुस्तक पडावं लागतं, आणि ते एका डॉलरमुळे पडलं.

दुसरं उदाहरण फ्रान्सचं. रॉबर्ट देलपीर हा साधासुधा प्रकाशक नव्हता. रॉबर्ट फ्रँकचं अमेरिकेवरचं पुस्तक १९५८ साली पहिल्यांदा यानेच पॅरिसमध्ये छापलं, जे आज फोटोग्राफीच्या इतिहासात मानाने ठेवलं जातं. याच माणसाने १९८२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय फोटोग्राफी केंद्रामार्फत 'फोटो पोश' ही मालिका सुरू केली. पोश म्हणजे खिसा. खिशात मावणारी, परवडणारी, एकेका फोटोग्राफरवरची छोटी पुस्तकं, पण छपाईत तडजोड नाही. विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. लक्षात घ्या, मागे सरकारी पैसा होता आणि त्या पैशातून लोकांच्या खिशात मावणारी वस्तू निघाली.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे सरकारी पैशातून काय निघतं? कॉफी टेबल बुक.

ज्या गावात कॉफी बशीत ओतून पितात आणि टेबलावर शाळेची दप्तरं असतात, त्या जिल्ह्याचं कॉफी टेबल बुक. साहेबांची बदली जवळ आली, पालिकेचं अमृतमहोत्सवी वर्ष आलं, कुठला महोत्सव आला की एक निघतं. पुस्तकाची रचना ठरलेली. पहिली आठ पानं शुभसंदेशांची, प्रत्येक संदेशासोबत मान्यवरांचा हसरा फोटो. मग धरण, मग किल्ला, मग मंदिर, मग मावळता सूर्य. पॉलिश केलेला जाड कागद, मुखपृष्ठावर चमकता उठाव. मोठ्या हॉटेलात प्रकाशन. प्रती व्यासपीठावर वाटल्या जातात आणि उरलेल्या कार्यालयाच्या कपाटात जातात. जिल्ह्याच्या वाचनालयात जाऊन विचारा, "आपल्या जिल्ह्याचं फोटोचं पुस्तक आहे का हो?" ग्रंथपाल बिचारा तुमच्याकडेच बघत राहील.

याची खासगी जातही आहे. आमच्याच धंद्यातली, म्हणून सांगायला लाज वाटते पण सांगतो. कर्तबगार व्यक्तींचं कॉफी टेबल बुक म्हणून जे निघतं, त्यात कर्तबगारी पानाच्या दराने मोजली जाते. पूर्ण पानाचा दर वेगळा, दोन पानांचा वेगळा. बिल्डर, क्लासवाले, दवाखानेवाले पैसे भरतात आणि 'गौरव' होतो. तालुक्याच्या वार्ताहराला वर पानं गोळा करायचं टार्गेट. या जाहिरातीच्या बाडाला फोटोग्राफीचं पुस्तक म्हणणं म्हणजे दरपत्रकाला कविता म्हणणं. पण नुकसान असं झालंय की गावात खऱ्या फोटोपुस्तकाचं नाव काढलं तरी लोक विचारतात, "पान कितीला?"

मांडणीबद्दल तीन गोष्टी बोलायच्याच आहेत, कारण किमतीवर सगळे बोलतात, मांडणीवर कुणी बोलत नाही.

एक. फोटो दोन पानांवर पसरवायची हौस. पुस्तकाच्या मधल्या घडीत नेमका माणसाचा चेहरा जातो. खुडूसच्या रिंगणात धावणारा अश्व दोन पानांवर शोभेलही, पण माळशिरसच्या मुक्कामात पाय चेपत बसलेली आजी घडीत अर्धी गिळली गेली, तर त्या मोठ्या आकाराचा उपयोग काय? छोट्या पानावर अखंड फोटो हजार पटीने बरा.

दोन. नावं. पालखी आमच्या भागातून जाते. दरवर्षी कॅमेरेवाले येतात, भारी भारी लेन्स घेऊन. पुस्तकात फोटोखाली काय असतं? 'वृद्ध वारकरी स्त्री'. अहो, तिला नाव आहे, गाव आहे, दिंडीचा क्रमांक आहे. दिंडीचा क्रमांक विचारला तरी माणूस शोधता येतो. जिच्या सुरकुत्यांवर पुस्तक उभं आहे तिचं नाव नाही, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत. वर जिल्ह्यातल्या फोटोग्राफरचे फोटो व्हॉट्सअॅपवरून 'पाठवून द्या हो' म्हणून मागवायचे आणि 'संकलन' म्हणून भलत्याचंच नाव छापायचं, हाही प्रकार सर्रास चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कलाकाराला आपलं कर्तेपण सांगण्याचा हक्क देतं. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे.

तीन. भाषा. विषय मराठी, माणसं मराठी, पैसा मराठी करदात्याचा, आणि मजकूर फक्त इंग्रजीत. का? कारण पुस्तक इथल्या माणसासाठी नाहीच, ते पाहुण्याला भेट द्यायला आहे.

असं म्हणू नका की मराठीत दुसरं काही होऊच शकत नाही. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंतांमध्ये राहून फोटो काढले, त्याचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे पुस्तक लोकवाङ्मय गृहाने काढलं. वारीवरही त्यांचं पुस्तक आहे. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं गटारातलं जगणं वर्षानुवर्षं टिपलं, त्याचं पुस्तक झालं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशी पुस्तकं दिवाणखान्यातली शोभा वाढवत नाहीत, झोप उडवतात. आणि झोप उडवणारं पुस्तक महापालिकेच्या प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक वाचनालयात हवं.

मांडणी फोटोच्या कामी कशी येते, याचाही दाखला देतो. दयानिता सिंग यांचं 'म्युझियम भवन' बघा. एका पेटीत नऊ छोट्या घडीच्या पुस्तिका. उलगडून टेबलावर उभ्या केल्या की तुमच्या घरात तुमचं प्रदर्शन तयार. २०१७ साली पॅरिसमध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम फोटोपुस्तकाचा मान मिळाला. पेटी इथेही आहे, पण ती फोटो बघण्याची रीत बदलते. हातात मावते. ती स्वस्त आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे थाटाला काहीतरी काम दिलंय.

आता तुमचे आक्षेप.

"फोटोग्राफरने खायचं काय?" अगदी बरोबर प्रश्न. पण त्याला या महागड्या पुस्तकातून मिळतं काय, ते आधी विचारा. छापील किमतीचा मोठा हिस्सा वितरक आणि दुकानात जातो. कित्येक फोटोग्राफर पुस्तकासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालतात आणि मानधन म्हणून प्रती घरी घेऊन येतात. पाचशे महाग प्रती पडून राहण्यापेक्षा तीन हजार स्वस्त प्रती खपल्या, तर त्याच्या हातात जास्त येईल आणि नाव तर नक्कीच जास्त होईल.

"सगळं मोबाइलवर फुकट दिसतं, पुस्तक कशाला?" मोबाइलवर सफाई कामगाराचा फोटो येतो, त्याच्या खाली लगेच मिक्सरची जाहिरात येते, आणि अंगठा पुढे सरकतो. पुस्तकात एका फोटोनंतर कोणता फोटो यावा हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. पान उलटायला थांबावं लागतं. तो थांबण्याचा वेळ म्हणजेच फोटोग्राफी.

"पैठणीची किंमत विचारता का?" विचारतो! आणि पैठणी महाग असते कारण विणकराचे महिने त्यात जातात. तिथे विणकाम महाग आहे, डबा नाही.

"खेड्यात कोण बघणार?" हा सगळ्यात उद्धट आक्षेप. यात्रेत बायोस्कोपच्या भोकाला डोळा लावायला रांग लावणारी आपली माणसं. लग्नाचा अल्बम पाहुण्यांसमोर चारदा उलगडणारी. त्यांना फोटो बघता येत नाही? त्यांच्यापर्यंत पोचवलंय कुणी?

पोचवणं अवघडही राहिलेलं नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलीय: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. सव्वा किलोचं शिवलेलं, साध्या पुठ्ठ्याचं फोटोपुस्तक गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत जाऊ शकतं. तीस किलोचं 'सुमो' मात्र पोस्टमन उचलणार नाही. वाचनालयांचं जाळंही आहे, १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. कमी आहे ती फक्त इच्छेची.

म्हणून माझ्या पाच मागण्या. सरकारी, निमसरकारी किंवा देवस्थानच्या पैशातून निघणाऱ्या प्रत्येक फोटोपुस्तकासाठी:

१. महागडी आवृत्ती काढायची असेल, तर त्याच दिवशी साधी मराठी आवृत्ती निघालीच पाहिजे. फोटो तेच, छपाई तीच, आकार लहान.

२. एकूण खर्च, प्रतींची संख्या आणि प्रती कुणाला वाटल्या याची यादी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापावी.

३. जिल्ह्यातल्या प्रत्येक अनुदानित वाचनालयाला एक प्रत मोफत. मान्यवरांच्या आधी.

४. फोटोग्राफरला नाव आणि मानधन. फोटोतल्या माणसाचं नाव त्याला विचारून छापावं, आणि एक प्रत त्याच्या घरी पोचवावी.

५. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत टाकावी. पैसे जनतेने दिलेत, दोनदा कशाला घेता?

खासगी प्रकाशकांवर माझी सक्ती चालणार नाही. त्यांना विनंती. पेटी विका, सही विका, लाकडी स्टँड विका. फक्त त्या पेटीतलं पुस्तक वेगळं काढून आम्हालाही विका.

आणि तुम्हाला एक काम. तुमच्या जिल्ह्याचं किंवा पालिकेचं गेल्या पाच वर्षांत जे कॉफी टेबल बुक निघालंय, त्याबद्दल माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारा: प्रती किती, खर्च किती, कुठल्या लेखाशीर्षातून, आणि वाचनालयांना किती दिल्या? दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर आलं की इथे कमेंटमध्ये टाका. चांगलं उत्तर आलं तर त्या अधिकाऱ्याचं जाहीर कौतुक मी स्वतः करेन.

अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो.